निमदऱ्यात, दोराच्या शेपटाला

पाथर्डीच्या एसटीतून जाताना निमदऱ्याचा तट मी कितीतरी वेळा पाहिला होता, पण नेहमी खिडकीतून. तिसगाव मागे पडलं की नांगरून टाकलेल्या रानांच्या पलीकडे काळ्या दगडाची लांबच लांब भिंत दिसते आणि तिच्या दोन टोकांना दोन वेशी. "एकदा इथं उतरायला हवं," असं मी म्हणायचे आणि तोवर गाडी पुढे गेलेली असायची. शेवटी या चैत्रात मी शिवणक्लासला सुटी दिली आणि श्रीकांतरावांना, म्हणजे आमच्या ह्यांना सांगितलं, "अहो, स्कूटर काढा. उद्या निमदरा."

"केडगावात राहून नगरचा भुईकोट धड बघितला नाहीस, आणि तट बघायला एवढ्या लांब?" ते म्हणाले. पण स्कूटर काढली.

सकाळचा प्रवास छान झाला. ऊन अजून तापलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला बाभळी, मधूनच एखादं कलिंगडाचं हिरवं रान, बाकी सगळी काळी-तांबडी उघडी जमीन आणि दूरवर गर्भगिरीचे डोंगर. वाटेत उसतोडीहून परतणारे ट्रॅक्टर भेटले. कारखाने बंद झालेले, त्यामुळे ट्रॉल्यांमध्ये बिऱ्हाडं, भांडी, कोंबड्या आणि वर बसून हात हलवणारी पोरं. आम्हीही हात हलवत गेलो. निमदऱ्याच्या फाट्यावर मात्र मागचं चाक बसलं.

पंक्चरवाला पश्चिमेच्या मारुती वेशीजवळ होता. श्रीकांतराव स्कूटर ढकलत तिकडे निघाले. मी दहा पावलं त्यांच्याबरोबर चालले आणि माझा धीर संपला. तट समोर दिसत असताना स्कूटरच्या मागे मागे चालणं मला काही जमेना. तेवढ्यात कलिंगडांनी भरलेला एक टेम्पो आला. तो पूर्वेच्या पीर वेशीकडे चालला होता. "मी पुढं होते, आत भेटू," असं म्हणून मी त्यात चढले. याचे काय परिणाम होणार आहेत याची मला काहीच कल्पना नव्हती.

पीर वेस जवळून पाहिली आणि जीव सुखावला. खाली काळे घडीव दगड, वर विटा, त्याच्या वर पांढऱ्या मातीचा थर. जिथे जिथे पडझड झाली तिथे गावकऱ्यांनी हाताला लागेल ते लावून डागडुजी केलेली, अगदी जुन्या गोधडीला ठिगळं लावावीत तशी. दरवाज्याच्या फळ्यांवर खिळे होते, काही हत्तीसाठीचे जुने आणि काही कॅलेंडर टांगण्यासाठीचे नवे. आत पाऊल टाकलं तोच ओट्यावर बसलेल्या एका पांढऱ्या दाढीच्या गृहस्थांनी मला थांबवलं आणि माझ्या मनगटाला अत्तराचा बोळा लावला.

"कुठल्या तुमी, ताई?"

"केडगावच्या."

"पीर वेशीतनं आल्या. मंजी आमच्या पाहुन्या," ते म्हणाले. हे रशीदचाचा, गावाच्या त्या अंगाचे वडीलधारे. त्यांच्याकडून मला गावाची रीत कळली. निमदऱ्यात रस्ता एकच, या वेशीपासून त्या वेशीपर्यंत सरळ. बरोबर मध्यावर जमिनीत एक धोंडा पुरलेला आहे. धोंड्याच्या पूर्वेला मुसलमानांची घरं, पश्चिमेला हिंदूंची. हे असं कधीपासून, ते कोणालाच ठाऊक नाही. तट बांधला तेव्हापासून, असं सगळे सांगतात. आणि बाहेरचा माणूस ज्या वेशीतून आत येतो, त्या अंगाचा तो पाहुणा. जेवण तिकडेच, आराम तिकडेच.

मी श्रीकांतरावांना फोन लावला. "कुठे आहात?"

"मारुती वेशीत. मला शेंदूर लावलाय. पुरणपोळी म्हणतायत."

"अहो, पण मी इकडे..."

"पाहुण्याला नाही म्हणता येत नाही म्हणे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. इतक्या आनंदाने त्यांनी आजवर माझा फोन ठेवला नव्हता.

वेशीला लागूनच हमीदाबीची चहाची टपरी होती. चाचांनी मला तिथे नेऊन बसवलं. हमीदाबी माझ्याच वयाची असेल, उंच, सुकलेल्या शेंगेसारखी, पण आवाज असा खणखणीत की चहा मागायचीही भीती वाटावी. तिने विचारलं नाही, चहा दिला, आणि त्याच्या मागोमाग मिरचीची भजी. भजी अप्रतिम होती. आतली मिरची आधी चिरून, तिच्यात चिंच आणि दाण्याचा कूट भरलेला. मी तीन घाण्यांची भजी खाल्ली तरी दुसरं गिऱ्हाईक फिरकलं नाही.

"गर्दी नाही का?" मी विचारलं.

"गर्दी बाजारासंगं जाती, ताई. आनि मंगळवारचा बाजार हाय तिकडं," तिने झाऱ्याने मारुती वेशीकडे दाखवलं. "ज्या अंगाला बाजार, त्या अंगाच्या टपरीत जान. लागोपाठ चार सालं बाजार तिकडंच भरतोय. अवंदा बी तिकडंच ऱ्हायला तर मी हे बंद करनार. पोरगं सुप्याला कंपनीत हाय, त्यो म्हनतोय, अम्मी, हितंच ये."

"मग चांगलंच की. मुलाजवळ राहाल."

"खोलीत बसून भिंत बघत ऱ्हाऊ व्हय?" हमीदाबी म्हणाली. "भिंतच बघायची तर हितली लई मोठी हाय." ती हसली, पण झारा कढईत उगाचच फिरवत राहिली. नवरा गेल्यापासून तिने ही टपरी एकटीने चालवलेली. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस तिला काहीतरी बोलून जात होता आणि ती प्रत्येकाला परत काहीतरी सुनावत होती. सुप्याच्या खोलीत ही बाई कोणाला सुनावणार, असं माझ्या मनात आलं.

"बाजार कुठे भरायचा ते ठरवतं कोण?"

"दोर," चाचा म्हणाले.

जत्रा काल झाली होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलली की, गावात दोर ओढतात. एका टोकाला पीर वेस, दुसऱ्या टोकाला मारुती वेस. जो जिंकेल त्याच्या अंगाला वर्षभर बाजार. दोन्हीकडे माणसं सारखी मोजून उभी करतात. पण मारुती वेशीचे गडी उसतोडीहून नुकतेच परतलेले असतात, सहा महिने कोयता चालवून त्यांचे हात लोखंडाचे झालेले. इकडची निम्मी तरुण पोरं सुप्याला नाहीतर टेम्पोवर. चार वर्षं पीर वेशीची माणसं नुसती फरफटत गेली होती.

"आनि शेपटाला पाहुना लागतो," चाचा म्हणाले. शेपूट म्हणजे दोराचं अगदी शेवटचं टोक. ते कमरेला गुंडाळून जो उभा राहतो, तो माणूस गावाबाहेरचाच हवा.

"बाहेरचा कशाला?"

"हरल्यावर बोल कुनाला लावायचा? गावातला मानूस ठिवला तर त्याला सालभर टोमनं. मग त्याच्या भावकीला राग, मग धोंड्याच्या हिकडल्या-तिकडल्यांची कावकाव. पाहुन्याला बोल लावला की त्यो घेऊन जातो निघून. गाव मोकळं."

मला ही युक्ती फारच आवडली. मी मान डोलावत विचारलं, "मग यंदाचा पाहुणा कोण?"

चाचा आणि हमीदाबी दोघंही माझ्याकडे बघत होते.

"अहो, माझं वय काय!"

"वय लागत न्हाई ताई, वजन लागतं," चाचा म्हणाले. इतक्या आदराने म्हणाले की रागावताही येईना. आणि खरं सांगायचं तर, माझ्या डोळ्यांसमोर तोवर हमीदाबीची रिकामी बाकडी होती. मी हो म्हटलं.

दुपारचं जेवण हमीदाबीकडेच झालं. जत्रेची कंदुरी (नवसाच्या बकऱ्याचं जेवण) दोन्ही अंगांना होते, पण बकरं कापायला मात्र पीर वेशीचा मुलाणीच लागतो. त्याने येऊन दुवा म्हटल्याशिवाय मारुती वेशीतली चूल पेटत नाही. उलट पिराच्या उरसाचा मलिदा (गूळ घालून कुस्करलेली पोळी) मारुती वेशीतल्या बायका करून पाठवतात. "त्यांची पोळी मऊ असती," हमीदाबीने कबूल केलं. तिचा रस्सा जाळ होता, भाकरी बाजरीची, आणि शेवटी चोंगे, म्हणजे गुळाच्या पाण्यात कणीक मळून तळलेल्या नक्षीदार पुऱ्या. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हता.

जेवण जिरवायला ती मला बुरुजावर घेऊन गेली. वरून अख्खा निमदरा दिसतो. धोंडा नसता तर कुठलं अंग कोणाचं हे मला सांगता आलं नसतं. तेच पत्रे, तीच कौलं, वाळत घातलेल्या त्याच मिरच्या, दोन्हीकडे सोलरच्या पाट्या. धोंड्याच्या पलीकडच्या अंगाला एका ओट्यावर श्रीकांतराव बसले होते. कपाळ शेंदराने लाल, समोर ताट, आणि चार-पाच माणसं त्यांना आग्रह करकरून वाढत होती.

"त्यो बगा, त्यांचा पाहुना," हमीदाबी म्हणाली. "चांगला चरतोय."

तो पाहुणा माझा नवरा आहे, हे सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण मला वाटलं, कळल्यावर हे लोक मला शेपटाला उभं करणार नाहीत. मी गप्प बसले.

उन्हं कलली तसा सगळा गाव रस्त्यावर आला. घायपाताचा दोर, माझ्या मनगटापेक्षा जाड, धोंड्यावरून आडवा टाकलेला. मधोमध पांढरा रुमाल बांधलेला. रुमाल ज्या अंगाच्या पहिल्या ओट्यापर्यंत जाईल, त्यांचा बाजार. गडी रांगेत उभे राहिले. बायका ओट्यांवर चढल्या. चाचांनी स्वतः माझ्या कमरेला दोर गुंडाळला. माझी पर्स हमीदाबीच्या काखेत होती आणि ती माझ्या शेजारी उभी राहून मला बजावत होती, "टाच रोवा. वर बघू नका. तोंड बंद."

सगळीकडे शांत झालं. आणि त्या शांततेत, रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून, आवाज आला.

"अगं, गुडघा सांभाळ!"

शेपटाला उभे राहिलेले श्रीकांतराव मला हात करत होते. अख्ख्या गावाच्या माना आधी तिकडे वळल्या, मग इकडे.

"ही कोन तुमची?" मारुती वेशीतले नामदेवतात्या गरजले. सकाळपासून श्रीकांतरावांना पोळ्या वाढणारे यजमान ते हेच.

"बायको," श्रीकांतराव म्हणाले.

मग जो गोंधळ उडाला, तो काय सांगू! दोन्ही अंगांची माणसं एकाच वेळी बोलायला लागली. ही आतून एक हायेत. ह्यो ढिला सोडनार. ती ढिला सोडनार. पाहुने बदला. गावात तिसरा पाहुणा तर कोणी नव्हता. कोणीतरी पंक्चरवाल्याचं नाव सुचवलं, पण तो धोंड्यापासून चार घरं सोडून राहणारा निघाला. शेवटी नामदेवतात्यांनी हात वर केला.

"ऐका रं. लगीन हून किती सालं झाली ह्यांची?"

"तीस तरी," मी ओरडून सांगितलं.

"तीस सालं झाल्याली नवरा-बायकू हायेत ही. ह्यांच्यातलं कोन दुसऱ्यासाटी ढिला सोडतंय?"

सगळा रस्ता हसला. चाचांनीही मान हलवली. प्रश्न सुटला.

तात्यांनी हाळी दिली आणि दोर ताणला. पहिल्या हिसक्याला माझ्या पोटातले चोंगे घशाशी आले. चार वर्षांच्या सवयीने सगळ्यांना वाटलं होतं की पीर वेस आता भुईसपाट होणार. झाली नाही. सुप्याहून रजा काढून आलेली पोरं, टेम्पोवाले, माझा तो कलिंगडवाला, सगळे तिरके होऊन लटकले होते आणि रुमाल जागचा हलत नव्हता. मग तो हलला, आणि आमच्याकडे हलला. एक वीत. मग हातभर. ओट्यांवरच्या बायका किंचाळायला लागल्या. हमीदाबी ओरडत नव्हती. तिने माझी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

आणि मी ओरडले. "ओढा! आलाय! आलाय!" मान वर करून, रुमालाकडे बघत, जिवाच्या आकांताने. पलीकडे उसाच्या हातांनी एक जोराचा ओढा घेतला. माझी टाच धुळीत घसरली, मी बसले ती बसलेच, आणि बसल्या बसल्या धोंड्याच्या दिशेने निघाले. माझ्या पुढची सगळी रांग माझ्याबरोबर. रुमाल मारुती वेशीच्या ओट्याला जाऊन टेकला.

मी हरले होते. धूळ डोळ्यांत होती, तळहात सोलले होते, आणि मला खरोखर रडायला येत होतं. हमीदाबीकडे बघायची हिंमत होईना.

पीर वेशीच्या बाहेर कडुलिंबाखाली पाट मांडला होता. हरलेल्या पाहुण्याने त्यावर बसायचं. एकेकाने यायचं, एक बोल लावायचा, आणि ओटीत एक चोंगा टाकायचा. जिंकलेली माणसं मागे बसून ऐकतात. मी पदर पसरून बसले.

"टाकी फुल, पन इंजिनच न्हाई!" एक टेम्पोवाला म्हणाला. चोंगा.

"घसरगुंडीवर बसायला आल्त्या का दोर वढायला?" चोंगा.

"कलिंगडात बसवून आनली, कलिंगडावानी घरंगळली," कलिंगडवाला म्हणाला, आणि तो स्वतःच इतका हसला की चोंगा द्यायला विसरला. त्याला परत बोलावून घेतलं गेलं.

एक म्हातारी नुसतीच "काष्टा घालायचा हुता, बाई," असं म्हणाली. तिने दोन चोंगे टाकले. गंमत अशी, की प्रत्येक बोलाबरोबर मला हलकं वाटत होतं. बोलणाऱ्यांनाही वाटत असावं. एरवी जे एकमेकांना म्हणाले असते, ते सगळं माझ्या पदरात पडत होतं.

हमीदाबी सगळ्यांत शेवटी आली. ती समोर उभी राहिली आणि काहीच बोलेना. मागे बसलेली हसणारी माणसंही गप्प झाली, कारण टपरीचं सगळ्यांनाच माहीत होतं.

"बोल हमीदा," चाचा हळूच म्हणाले. "पोटात ठिवू नको."

मी खाली मान घालून बसले. मला म्हणायचं होतं की माझ्यामुळे झालं, पण पाटावर बसलेल्याने बोलायचं नसतं.

"तोंड बंद ठिवायला सांगितलं हुतं का न्हाई?" ती एकदम कडाडली. "सांगितलं हुतं का न्हाई? टाच रोवायची सोडून हाळ्या देती! रुमाल बघती! आरं, रुमाल बघायला आमी एवढी मानसं हुतो ना? तू खाली बघायचं! हातभर आल्ता गं, हातभर!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. सकाळपासूनचं 'तुमी' कुठल्या कुठे गेलं होतं. "काय तुझी टाच, काय तुझं उभं ऱ्हानं! पुढल्या साली चार दिस आदी यायचं. माझ्याकडंच ऱ्हायचं. रोज सकाळी वेशीत उभी करते तुला. कशी न्हाई टाच बसत, बघते मी!"

मग चाचा म्हणाले, "पुढल्या साली? मंजी सुप्याला..."

"चार सालात पैल्यांदा हातभर आल्ता, चाचा," हमीदाबी म्हणाली, आणि माझ्या पदरात चोंगा टाकला. "आता कशी जाऊ?"

पहिली टाळी मारुती वेशीच्या माणसांतून, नामदेवतात्यांची आली. मी पाटावरून उठले आणि तिला मिठी मारली. माझ्या सोललेल्या तळहातांची आग झाली, तरी सोडवेना.

परतीच्या वाटेवर श्रीकांतरावांच्या डोक्यावर फेटा आणि स्कूटरला नारळ बांधलेला. ते जरा हिरमुसलेले होते. "मला कोणी काही बोललंच नाही," ते म्हणाले. "नुसतं उचललं, फेटा बांधला, झालं. तुझ्याकडे किती मजा चालली होती." मी मागे बसून पदरातल्या चोंग्यांचा एकेक तुकडा त्यांना भरवत होते. डोंगरांवर अंधार उतरत होता. मला वाटलं, दोन अंगांत वाटलेलं एवढं जुनं गाव एका तटाच्या आत नांदतं, ते काही त्यांचे स्वभाव गोड आहेत म्हणून नाही. भांडायची कारणं त्यांच्याकडेही आहेत, दर मंगळवारी आहेत. पण राग कुठे नेऊन टाकायचा याची त्यांनी सोय करून ठेवली आहे. मी तट बघायला गेले होते आणि त्यांचा राग ओटीत घेऊन निघाले होते. त्याचं मला ओझं वाटत नव्हतं, उलट फार मानाचं वाटत होतं.

तळहात आठवडाभर दुखत होते. कात्री धरवेना, म्हणून क्लासच्या बायकांना नुसत्या तोंडी सूचना देत होते. मंगळवार आला तसं मला राहवेना. बाजार आज तिकडे, पलीकडच्या अंगाला भरला असणार. आवेशात बोलली, पण आता रिकामी बाकडी बघून तिचं मन फिरलं असेल तर? दुपारी मी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग उचलला गेला.

"हमीदा," मी विचारलं, "टपरी उघडलीस का गं?"

"कढई तापलीय, भजी करपतील," ती म्हणाली. "ठेव फोन."